पिवळ्या पाकिटांचं कपाट

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला दवाखाना दाखवायला सांगितलंत. मी फोन हातात धरून सगळीकडे फिरले. बाकडी, वजनकाटा, तुमच्या आत्याचं टेबल दाखवलं. मागच्या भिंतीचं लोखंडी कपाट आलं तेव्हा धाकटीनं विचारलं, "आजी, हे रिकामं का?" मी म्हटलं, "साफसफाई चाललीय." ते खरं नव्हतं. थोरला हसून म्हणाला, "आजीचं कपाट, आणि रिकामं?" तेव्हापासून मला ते बोचतंय. फोनवर एवढं सांगता येत नाही, मध्येच तुमच्यापैकी कुणाला तरी शाळेला निघायचं असतं. म्हणून लिहायला बसले. यात कुणाचंही नाव येणार नाही. का, ते वाचून झालं की कळेल.

मी तेव्हाच्या औरंगाबादला नन्सच्या शाळेत शिकले. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या, इंग्रजी आणि वस्तू जागच्या जागी ठेवणं. लग्न होऊन नेकनूरला आले तेव्हा इंग्रजीचा फार उपयोग झाला नाही, दुसऱ्या गोष्टीचा झाला. तुमच्या आजोबांच्या दवाखान्यात रोग्यांचे कागद गोणपाटाच्या पिशवीत कोंबलेले असत. मी एकेका घराचं एकेक जाड पिवळं पाकीट केलं. वर घरातल्या कर्त्या माणसाचं नाव, गाव आणि नंबर. आत त्या घरातल्या प्रत्येकाचं कार्ड. सासऱ्याचा रक्तदाब, सुनेचं बाळंतपण, नातवाचा गोवर, सगळं एकत्र. कुणाला बीडला मोठ्या डॉक्टरकडे जायचं असलं की घरचं कुणीही यायचं, म्हणायचं, "बाई, आमचं पाकीट काढा." मी वहीत लिहून पाकीट द्यायचे, ते आठवड्यात परत यायचं. आजोबा गेले, आत्या डॉक्टर होऊन आली, पण पाकिटं तशीच चालू राहिली. मला त्यांचा अभिमान होता. तो कशासाठी होता हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आत्यानं दवाखान्यात एक नवीन काम सुरू केलं. आपल्याकडे दुखण्यावरच्या काही कॅप्सूल अफूच्या जातीच्या असतात. ऊसतोडीच्या टोळ्यांत, ट्रकवाल्यांत त्या हातोहात फिरतात. आधी कमरेसाठी एक, मग दोन, मग त्या नसल्या तर माणूस उठूच शकत नाही. त्यावर जिभेखाली ठेवायची एक गोळी असते. आत्यानं बीडला जाऊन त्याचं शिक्षण घेतलं, परवानगी काढली. ते औषध कुलपात असतं, त्याची वही वेगळी असते. मी तिला म्हटलं, बाहेर पाटी लाव, वेगळा वार ठेव, म्हणजे गोंधळ होणार नाही.

"नको आई," ती म्हणाली. "पाटी लावली तर लोक पाटी वाचायला येतील, आणि ज्यांना गरज आहे ते लांबूनच परत जातील. सर्दी-खोकल्याचीच रांग, तेच बाकडं. त्यांच्यातच हे बसणार."

मला ते पसाऱ्यासारखं वाटलं.

पहिल्याच महिन्यात ती आली. मी तिला इथे ‘ती’च म्हणेन. वय असेल पस्तीसच्या आसपास. चार हंगाम ऊस तोडला होता, डोक्यावरून मोळ्या वाहून कंबर गेली होती. नवरा आता कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा, हंगामात घरी नसायचा. ती मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर भाकऱ्या थापायची. दिवसाला दहा-बारा कॅप्सूल लागायच्या. अशा कॅप्सूल जास्त झाल्या की झटका येतो, आणि तिला तो आला होता, घरी, पेटत्या चुलीपाशी. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. "चुलीत तोंड गेलं असतं तर?" आत्यानं विचारलं. ती म्हणाली, "म्हणून तर आलेय ताई."

ही गोळी अशीच सुरू करता येत नाही. आधीच्या कॅप्सूलचा अंमल उतरावा लागतो, तोवर थांबलं नाही तर त्रास उलट वाढतो. तर ती पहिल्या दिवशी बाकड्यावर बसून राहिली. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया, हातावर काटा. शेजारी एक आजोबा कानात मळ झाला म्हणून बसले होते. ते तिला म्हणाले, "पोरी, तुला लई गारठा झालाय." ती म्हणाली, "व्हय मामा." कुणालाही काही कळलं नाही. आत्याचं म्हणणं मला त्या दिवशी थोडं पटलं.

मग ती रोज साडेआठला यायची. गोळी जिभेखाली धरून बसायची आणि मग ढाब्याला जायची. तिचं कार्ड मी सवयीनं केलं होतं, कोपऱ्यात तिच्या सासरच्या पाकिटाचा नंबर घातला होता. आत्यानं ते घेतलं आणि म्हणाली, "हे पाकिटात घालू नकोस. माझ्या ड्रॉवरमध्ये राहील." मी बरं म्हटलं.

आता मी काय केलं ते सांगते.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी आत्याचा ड्रॉवर आवरला. कुणी सांगितलं नव्हतं. आत एक कार्ड सुटं पडलेलं दिसलं, कोपऱ्यात माझ्याच अक्षरात नंबर. मी चष्मा नीट करून नंबर वाचला. नाव वाचलं की नाही ते आठवत नाही. माझ्या हाताला नंबर पुरे होता. पाकीट काढलं, कार्ड घातलं, पाकीट परत जागेवर. मला बरं वाटलं, हेही लिहिते.

सोमवारी साडेसातला मी दार उघडलं तर तिचा थोरला दीर पायरीवर उभा. "बाई, आमचं पाकीट काढा. बाबाला छातीचं दाखवायला बीडला न्यायलोय." मी वहीत लिहिलं, पाकीट दिलं. तो आठच्या बसने गेला.

साडेआठला ती आली. आत्यानं गोळी दिली. जिभेखाली गोळी असेपर्यंत बोलायचं नसतं, गिळायचं नसतं, आठ-दहा मिनिटं तोंड मिटून बसायचं. आत्यानं ड्रॉवर उघडला.

"आई, हिचं कार्ड?"

"जागेवर ठेवलंय," मी म्हणाले.

"कुठल्या जागेवर?"

मी कपाटाकडे वळले आणि वळता वळता मला सकाळ आठवली. तो रिकामा कप्पा मला दिसत होता. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वहीतली शेवटची ओळ वाचली. ती बाकड्यावरून उठली.

"बस," आत्या तिला म्हणाली. "गिळू नकोस. बस खाली."

ती बसली. तोंड मिटलेलं, डोळे माझ्यावर. तिनं उजव्या हाताची दोन बोटं ओठांवर नेली आणि नसलेल्या मिशीला पीळ दिला. दिरानं नेलं का, असं विचारत होती. मी मान हलवली. मग तिनं दोन्ही हात मांडीत घट्ट धरले. बाहेर कुणीतरी पोराला धपाटा घातला, ते रडायला लागलं. भिंतीवरचं घड्याळ मी कधी इतकं पाहिलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं तेव्हा आवाज अगदी हळू होता.

"बाई, भाऊजींनी वाचलं तर मला माहेराला धाडतेल. तेलगावला. आन् माझी पोरगी ठिऊन घेतेल."

बीडची पुढची बस तासाभरानं होती. शेजारचा फळवाला टेंपोत सीताफळाचे क्रेट चढवत होता, बीडच्या बाजाराला निघाला होता. मी त्याला थांबवलं.

"चला की बाई," तो म्हणाला. "माल लई नाजूक हाय, हळू जावं लागतंय."

"आज जोरात चला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. या बाईनं रिक्षावाल्यांनाही कायम हळू चालवायला सांगितलेलं त्याला माहीत होतं. मांजरसुंब्याचा चौक गेला तेव्हा त्यानं विचारलं, "कोण आजारी हाय?" मी पायाशी सरकलेला क्रेट सावरला. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. मी तरी सीताफळं कुठल्या रानातून आणतो ते कुणाला सांगतो का?"

बीडच्या मोठ्या डॉक्टरच्या दवाखान्याच्या बोळात भिंतीला टेकून माणसं बसली होती. तिचे सासरे एका खुर्चीत, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून. शेजारी दीर उभा. पाकीट बगलेत, हातात कार्डांचा गठ्ठा. अंगठ्याला थुंकी लावून एकेक कार्ड मागे टाकत तो बापाचं कार्ड शोधत होता.

"दादा," मी म्हणाले, "ते जरा द्या इकडे. एक कार्ड चुकून आलंय."

"कुणाचं?"

आयुष्यात मी इतका साधा प्रश्न ऐकून एवढी घाबरले नव्हते. "दुसऱ्या घराचं," मी म्हणाले.

तो हसायलाच लागला. "दुसऱ्या घराचं, आमच्या पाकिटात? तुमच्याकून? ऐकलं का बाबा, बाईकून चूक झाली!" आणि ते दुसऱ्या घराचं कार्ड बघायला त्यानं सगळी कार्डं भराभर चाळली. एकावर थांबला. "हे तर आमच्या धाकटीचं हाय."

कार्ड इंग्रजीत होतं. त्यानं ते माझ्यापुढे धरलं. "वाचा की बाई. तुमच्यासारखं इंग्रजी कुणाला येतंय इथं?"

पहिली ओळ मी वाचली. "कमरेचं दुखणं. चार वर्षांपासून."

"आन् खाली?"

"औषधाचं नाव."

"कशाचं औषध?"

"दुखण्याचं."

खाली काय लिहिलं होतं ते मला दिसत होतं. माझा आवाज कसा निघाला कुणास ठाऊक, पण त्यानं आधी कार्डावरच्या रोजच्या तारखा पाहिल्या, नंतर माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग खिशातून फोन काढला. "रोज-रोज कमरेसाठी दवाखान्यात? थांबा. फोटो काढून पोरीला धाडतो, ती फार्मसीला हाय. ती सांगंल."

त्यानं फोन कार्डावर धरला. आणि खुर्चीतून आवाज आला.

"माझा नंबर आला का बग."

"न्हाई आला अजून, बाबा."

"मग दुसऱ्याचा कागद कावून वाचायलास बे? दे बाईला."

"आपल्याच घराचा हाय की."

"घराचा न्हाई," म्हातारे म्हणाले. "तिचा हाय. दे."

चार माणसं बघत होती. त्यानं कार्ड माझ्या हातात आपटल्यासारखं दिलं आणि नंबर बघायला खिडकीकडे गेला. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "चुलीपाशी पडली तवा मीच उचललं तिला. आता पडत न्हाई. मला तेवढं पुरं हाय." मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी काठी नुसती जमिनीवर टेकवली.

कार्ड परत आलं होतं. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठ वाजले, नऊ वाजले, ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आत्या प्रत्येक रोग्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती. दुपारी जेवताना तिनं मला सांगितलं, रागानं नाही, त्याचंच मला जास्त लागलं. "आई, आता गोळी बंद झाली, तलफ परत येणार. आणि शरीर आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. पूर्वीइतक्या कॅप्सूल तिनं एकदम घेतल्या तर श्वास थांबू शकतो. झटका आला तर पुढे चूल आहे."

"मी जाऊन बघू का घरी?"

"कोण म्हणून जाशील?"

खरंच. डॉक्टरच्या घरचं माणूस दारात गेलं की सगळी गल्ली विचारणार, काय झालं हिला? ती येत नव्हती, तरी आम्हाला तिच्याकडे जाता येत नव्हतं. मग मला ढाबा आठवला. ढाब्यावर कुणीही जाऊ शकतं.

मी जन्मात ढाब्यावर जेवले नव्हते. बसने मांजरसुंब्याला उतरले, पदर खोचला आणि बाजेवर जाऊन बसले. आजूबाजूला सगळे ट्रकवाले. मालकानं पोऱ्याला न पाठवता स्वतः येऊन विचारलं, "एकट्याच का माय?" मी पिठलं-भाकरी सांगितली आणि म्हणाले, "भाकरी माझ्यासमोर थापलेली पाहिजे." मालक मागे वळून ओरडला, "आगं, माय लई चोखंदळ हाय, जरा नीट थाप!"

मी चुलीपाशी गेले. ती होती. नाक लाल, दंडावर काटा, दर मिनिटाला जांभई. मला बघून तिच्या हातातली भाकरी फाटली.

"कावून आलात?" ती पिठाकडे बघत म्हणाली.

"किती घेतल्यास?"

"आज चार. काल पाच." तिनं कमरेच्या पिशवीला हात लावला. "अजून हायेत. सकाळपासून हात तिकडंच जायलाय." ती दुसरी भाकरी थापायला लागली. हात थरथरत होते, तरी भाकरी गोल होत होती. "भाऊजी म्हणले, दवाखाना बंद. कंबर सगळ्यांचीच दुखती."

"मी चुकले," मी म्हणाले. "तुझं कार्ड आता वेगळं राहील. ताईच्या कुलपात."

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "आन् उद्या कुणी पाकीट उघडलं, सगळ्यांची कार्डं हायेत अन् माझंच न्हाई, तर? म्हणतेल, हिचंच कावून वेगळं?" तव्यावर भाकरी टाकली. "बाई, तुमचं कपाट लई चांगलं हाय. पर त्यात आमच्या घरात मी एकटी कुठंच न्हाई."

मी चुलीजवळ उभ्या उभ्याच भाकरी खाल्ली. चांगली होती.

परत आल्या आल्या मी कपाट उघडलं. एकेक पाकीट बाकड्यावर रिकामं केलं. कुणाचंही कार्ड कुणाच्याही सोबत नाही. ज्याचं त्याला नंबर, कार्डं आत्याच्या कुलपात, नावं फक्त तिथल्या वहीत, आणि कार्ड ज्याचं त्यालाच मिळणार, कर्त्या माणसाला नाही, नवऱ्याला नाही, सासूला नाही. संध्याकाळच्या रोग्यांनी ते पाहिलं. एक बाई म्हणाली, "अगं बया, बाईंनी समद्या गावाच्या वाटण्या केल्या!" सगळे हसले. मला हसू आलं नाही. तीस वर्षांची पिवळी पाकिटं माझ्या पायाशी पडली होती आणि मला कळत नव्हतं की हे तिला कोण सांगणार.

त्या हसण्याबरोबरच ही बातमी घरोघर गेली. गावात अशी गोष्ट थांबत नाही. दुसऱ्या दिवशी नऊला दारात काठीचा आवाज आला. तिचे सासरे होते, मागे ती.

"बीडच्या डॉक्टरनं रोज बी.पी. बघाय सांगितलंय," म्हातारे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मला एकट्याला जमत न्हाई. धाकटी आणंल रोज." बीडच्या डॉक्टरांनी असं काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मग ते माझ्या टेबलापाशी आले. "माझं कार्ड वेगळं झालं म्हणत्यात. बरं झालं. माझंबी कुणी वाचायला नगं."

तिनं सकाळी एक कॅप्सूल घेतली होती, खरं सांगितलं. आत्या म्हणाली, अंमल उतरेपर्यंत थांबावं लागेल. ती थांबली. सासरे शेजारी बसून राहिले. रोगी आले, गेले. तिचं अंग आखडायला लागलं, तिनं पदर तोंडात धरला. म्हाताऱ्यांनी एकदाही विचारलं नाही, काय होतंय म्हणून. फक्त तीनच्या सुमारास मला म्हणाले, "पोरीला च्या आणा." आत्यानं तिचे डोळे पाहिले, हातावरून बोट फिरवलं आणि कुलूप उघडलं. मग तिनं गोळी जिभेखाली घेतली आणि तोंड मिटलं. ती दहा मिनिटं मी कपाटाकडे पाठ करून बसले होते.

पुढचं थोडक्यात. दिराला तिनं स्वतःच सांगितलं, सहा महिन्यांनी, नवरा हंगामावरून घरी आल्यावर त्याच्यासमोर. "आठ दिवस माझ्या हातची भाकरी खाल्ली न्हाई भाऊजींनी," ती मला म्हणाली. "नवव्या दिवशी भूक लागली." पोरगी तिच्याजवळच आहे. तिच्यानंतर आणखी लोक आले. किती, कोण, ते मला माहीत नाही, आणि आता मी विचारत नाही. मी नंबर पुकारते.

लोक अजून कुरकुरतात. घरातल्या सहा जणांचे सहा नंबर लक्षात ठेवावे लागतात. एका सासूबाईंनी मला तोंडावर सांगितलं की बाई म्हाताऱ्या झाल्या, पूर्वीसारखी शिस्त राहिली नाही. असेल.

तर धाकटे, कपाट म्हणून रिकामं आहे. भंगारवाला पुढच्या आठवड्यात नेणार आहे. म्हातारे गेल्या उन्हाळ्यात वारले, त्यांचं कार्ड आत्याकडे आहे. दवाखान्यात रांग अजून एकच आहे. ती आता आठवड्यातून एकदा येते, तिच्या ठरलेल्या दिवशी, तिच्या नंबरावर. आणि मांजरसुंब्याच्या त्या ढाब्यावर चूल पेटलेली असते, तिच्यापुढे ती बसलेली असते.